स्वस्त, पक्कं आणि गुपचूप: बिटकॉइनच्या ‘लायटनिंग’मध्ये तिन्ही एकदम का मिळत नाही

दिवाळीला भाचा बेंगळूरहून आला आणि आल्या आल्या फोन पुढं केला. "मामा, हे बघा, आता बिटकॉइननं चहाचे पैसे सुद्धा देता येतात. सेकंदात जातंय, फी नसल्यासारखीच, आणि कोणाला काही कळत पण नाही." मी बेळगावच्या मार्केट यार्डात पंचवीस वर्षं अडत दुकानाचे हिशोब लिहितो. स्वस्त पण, पक्कं पण आणि गुपचूप पण, असं कोणी एका दमात सांगितलं की माझा हात आपोआप खतावणीकडं जातो, कारण यातलं एक तरी कुठंतरी उधारीवर असतंच. मग महिनाभर रात्री जेवण झाल्यावर वाचत बसलो, भाच्याला फोन करून करून पिडलं, आणि जे समजलं ते इथं लिहितोय. बिटकॉइन घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगणार नाही, माझ्याकडं एक पण नाही.

## मुळात अडचण काय होती

बिटकॉइन म्हणजे जगभर हजारो कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली एक जाहीर वही. २००९ च्या जानेवारीत चालू झाली. कोणी कोणाला किती दिले ते त्यात लिहिलं जातं, आणि एकदा लिहिलं की खोडता येत नाही. या वहीत साधारण दर दहा मिनिटांनी एक नवीन पान लागतं, त्याला ब्लॉक म्हणतात. पानावर जागा मोजकी. सगळ्या जगाचे मिळून सेकंदाला सातेक व्यवहार, बस. गर्दी झाली की जो जास्त फी देतो त्याचं आधी लिहिलं जातं.

म्हणजे ही वही सब-रजिस्ट्रार ऑफिससारखी आहे असं समजा. जमीन घेताना तिथं जायचं, फी भरायची, नंबर लागेपर्यंत थांबायचं, ते बरोबरच आहे, पण चहाचे दहा रुपये द्यायला कोण रजिस्ट्री करतंय? २० एप्रिल २०२४ ला तर एका दिवसात सरासरी फी १०० डॉलरच्या वर गेली होती, म्हणजे आपले आठ हजार रुपये एका नोंदीचे. मग लोकांनी डोकं लावलं की रोजची देवाणघेवाण या वहीच्या बाहेर करू, आणि वहीत फक्त सुरुवात आणि शेवट लिहू. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा या दोघांनी २०१५-१६ मध्ये जो आराखडा मांडला तो म्हणजे लायटनिंग नेटवर्क. २०१८ पासून लोक खरे पैसे घालून वापरतायत.

## पट्टी रोज, हिशोब शेवटी

आता आमच्या यार्डातलं उदाहरण घेतो. म्हापशाचे एक व्यापारी आमच्याकडून रोज भाजी नेतात, गाडी चोर्ला घाटानं जाते. ते रोज काही पैसे मोजत बसत नाहीत. आम्ही बिल लिहितो, खात्यावर चढवतो, महिन्याच्या शेवटी हिशोब. पंधरा वर्षांची ओळख आहे म्हणून चालतंय. आता समजा ओळख नाहीये, तोंड सुद्धा बघितलेलं नाही, तर हेच कसं चालवायचं?

तर असं करायचं. दोघांनी मिळून एक पेटी घ्यायची, तिला दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडं एक आमच्याकडं, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. व्यापारी त्यात आधीच ५०,००० ठेवणार आणि पेटीची नोंद रजिस्ट्रीत होणार, ही एक फी. पहिल्या दिवशी ४,००० ची भाजी नेली की दोघांनी सह्या करून चिठ्ठी लिहायची, "तुमचे ४६,०००, आमचे ४,०००". दुसऱ्या दिवशी नवीन चिठ्ठी, जुनी रद्द. या चिठ्ठ्या रजिस्ट्रीत जात नाहीत, दोघांच्या खिशातच राहतात, म्हणून त्यांना फी नाही आणि वेळ पण नाही. शेवटी कधीतरी शेवटची चिठ्ठी रजिस्ट्रीत दिली की पेटी फुटते आणि ज्याचे त्याला मिळतात, ही दुसरी फी. या पेटीला चॅनल म्हणतात. हजार बिलं झाली तरी फी दोनच.

भाचा ज्याला "फी नाही" म्हणत होता ते हे. पण ते ५०,००० पेटीत अडकून पडलेत ते कोण धरणार? व्यापारात अडकलेल्या पैशाला व्याज असतं हे यार्डात शेंबडं पोर पण सांगेल. आणखी एक गंमत आहे जी नवीन माणसाला हमखास नडते. सुरुवातीला पेटीतले सगळे पैसे व्यापाऱ्याचे, म्हणजे ते आम्हाला देऊ शकतात, आम्ही त्यांना एक रुपया पण नाही, कारण आमच्या बाजूला काही नाहीच. उलटं म्हणजे, ज्याला दुकानात पैसे घ्यायचेत त्यानं आधी कोणाला तरी आपल्याकडं पेटी उघडायला लावायची आणि त्याचे पैसे त्यात अडकवायला लावायचे. ते फुकट कोण करणार, त्याला भाडं पडतं.

## जुनी चिठ्ठी आणली तर?

हा प्रश्न मला पहिल्या पाच मिनिटात पडला. दहा दिवसांनी खरा हिशोब त्यांचे १२,००० आणि आमचे ३८,००० असा आहे. व्यापारी हळूच पहिल्या दिवसाची चिठ्ठी काढतो, ४६,००० वाली, आणि रजिस्ट्रीत देतो. सही तर आमचीच आहे त्यावर.

यावर केलेली सोय मला फार आवडली, खरं सांगतो. चिठ्ठी दिली तरी देणाऱ्याला पैसे लगेच मिळत नाहीत, मुदत असते, समजा १४४ ब्लॉक म्हणजे साधारण एक दिवस. त्या मुदतीत आम्ही दाखवलं की ही रद्द झालेली चिठ्ठी आहे, तर पेटीतले सगळेच्या सगळे ५०,००० आमचे. नुसतं बरोबर करून देत नाहीत, लबाडी करणाऱ्याला पूर्ण नागवतात. त्यामुळं सहसा कोण धाडस करत नाही.

पण "त्या मुदतीत आम्ही दाखवलं तर" हे शब्द परत वाचा. म्हणजे आमचा फोन चालू पाहिजे, आमचं लक्ष पाहिजे. आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेलो, फोनची बॅटरी मेली, दोन दिवसांनी आलो, संपलं. मग मुदत वाढवा ना, दोन आठवडे करा? करता येते. पण मग समोरचा माणूस लबाड नसून नुसता गायब झाला, त्याचा कॉम्प्युटर जळाला, तर आपण एकट्यानं पेटी फोडल्यावर आपलेच पैसे दोन आठवडे हलत नाहीत. सुरक्षितता वाढवली तिथं खर्च वाढला.

अजून एक बारीक गोष्ट, जी जाहिरातीत कधी दिसत नाही. रजिस्ट्रीची फी जर भांडणातल्या रकमेपेक्षा जास्त असेल तर भांडून काय उपयोग? तीनशे रुपयाच्या दाव्याला आठ हजाराचा वकील. बिटकॉइनच्या एका नाण्याचे १० कोटी सातोशी होतात, आणि काही शे सातोशीच्या खालचा व्यवहार तर वहीत लिहूनच घेत नाहीत, त्याला धूळ म्हणतात. म्हणजे अगदी चिल्लर रकमेचं पेमेंट अर्ध्या वाटेत असताना काही बिघडलं तर तुमच्या मागं कोर्ट नाही, नुसता विश्वास आहे. चहाचं पेमेंट सगळ्यात स्वस्त खरं, पण सगळ्यात कमी पक्कं पण तेच.

## मग राखणदार ठेवला की झालं ना?

ठेवतात. वॉचटॉवर म्हणतात त्याला. आपण झोपलो असताना दुसरा कोणीतरी रजिस्ट्रीवर नजर ठेवतो, जुनी चिठ्ठी दिसली की आपल्या वतीनं हरकत घेतो. लगेच तुम्ही म्हणाल, त्याला आमचा सगळा व्यवहार कळला की! नाही, ते पण हुशारीनं केलंय. राखणदाराला बंद पाकीट देतात, आणि त्या पाकिटाची किल्ली त्या लबाड चिठ्ठीतच असते. चिठ्ठी बाहेर आलीच नाही तर पाकीट उघडतच नाही, आत काय आहे ते त्याला कळत नाही.

पण दर नवीन चिठ्ठीला एक नवीन पाकीट, हजार बिलं तर हजार पाकिटं, सगळी सांभाळायची. शिवाय राखणदारच झोपला तर? म्हणून दोन-तीन ठेवा. परत खर्च.

## निपाणीहून खानापूरला

प्रत्येकाशी पेटी उघडायची तर रजिस्ट्रीत राहायलाच जावं लागेल. म्हणून पेट्यांची साखळी वापरतात. निपाणीच्या तंबाखूवाल्याला खानापूरच्या वीटभट्टीवाल्याला पैसे द्यायचेत. दोघांत पेटी नाही. पण निपाणीवाल्याची संकेश्वरच्या एकाशी आहे, त्याची बेळगावच्या एकाशी, आणि बेळगावच्याची भट्टीवाल्याशी. पैसे या हातातून त्या हातात सरकवायचे. मधल्यानं घेऊन पळ काढू नये म्हणून काय?

जुन्या लोकांना हुंडी आठवत असेल, आणि नोटेच्या नंबराची खूण पण, नंबर जुळला की पैसे द्यायचे. इथं तसंच आहे. भट्टीवाला एक गुप्त शब्द ठरवतो आणि त्याचा फक्त ठसा निपाणीला पाठवतो. शब्दावरून ठसा काढता येतो, ठशावरून शब्द काढता येत नाही. निपाणीवाला संकेश्वरला म्हणतो, "या ठशाचा शब्द आणून दे, पेटीतले एवढे तुझे, पण ठराविक वेळेत". संकेश्वरवाला बेळगावला तेच म्हणतो, वेळ थोडी कमी देऊन. बेळगाववाला भट्टीवाल्याला. भट्टीवाला शब्द सांगून पैसे घेतो, तोच शब्द उलटा सरकत निपाणीला पोचतो, ज्याचे त्याला मिळतात. मधले दोघं सरकवणावळ घेतात, बहुतेक वेळा अगदी किरकोळ. आणि कुठं अडलं तर मुदत संपल्यावर ज्याचे पैसे त्याच्याकडंच राहतात.

## मग गुपित राहतं का?

इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त थापा इथंच ऐकायला मिळतात.

आधी चांगलं सांगतो. निरोप जातो तो पाकिटात पाकीट अशा प्रकारे. संकेश्वरवाला आपलं पाकीट फोडतो, आत फक्त "पुढं बेळगावला दे" एवढंच. त्याला हे कळत नाही की निपाणीवाला पहिलाच आहे का त्याच्या मागं पण कोणी आहे, आणि बेळगाव शेवटचं आहे का नाही. पाकिटाचा आकार पण मुद्दाम सगळीकडं सारखा ठेवतात. आणि पेटीतल्या चिठ्ठ्या जाहीर वहीत जात नाहीत, त्यामुळं कोणी कितीचा चहा प्याला ते जगाला दिसत नाही. मूळ बिटकॉइनपेक्षा हे पुष्कळ बरं.

आता भोकं. पहिलं तर तो ठसा. साखळीत सगळीकडं ठसा एकच जातो. म्हणजे संकेश्वर आणि बेळगावचे दोघं संध्याकाळी भेटले आणि वह्या जुळवल्या की "अरे, तुझ्याकडं पण हाच नंबर!", संपलं. यावर प्रत्येक टप्प्याला वेगळा ठसा देण्याची पद्धत लोकांनी शोधलीय, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बिटकॉइनमध्ये जो टॅपरूट नावाचा बदल झाला त्यानं त्याला वाट करून दिली, पण आज बहुतेक व्यवहार जुन्याच ठशावर चालतात.

दुसरं भोक वाटेच्या लांबीचं. मधे एकच माणूस असेल तर सरकवणावळ कमी, अडकायची भीती कमी, पण त्या एकाला दोन्ही टोकं दिसतात. मधे सहा जण घातले तर गुपित बरं राहतं, पण सहा जणांची दलाली, आणि सहापैकी एकाच्या पेटीत पुरेसे नसतील तर पेमेंट फसतं. जितकं लपवाल तितकं महाग आणि तितकं बेभरवशाचं, यातून अजून तरी कोणी सुटलेलं नाही.

तिसरं मला सगळ्यात मजेशीर वाटलं. जाहीर पेटीत एकूण किती आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण कोणाच्या बाजूला किती हे गुप्त. आता मी लबाड आहे आणि मला ते काढायचंय. मी एक खोटा ठसा बनवतो, ज्याचा शब्द कोणाकडंच नाही, आणि त्या पेटीतून ५ लाख सातोशी पाठवायला बघतो. पेटीत तेवढे नसतील तर तिथूनच निरोप येतो, "इथून जमत नाही". असतील तर पुढं जाऊन शेवटच्याकडून येतो, "हा ठसा आमचा नाही". म्हणजे मला कळलं की ५ लाखाच्या वर आहेत का खाली. मग अडीच किंवा साडेसात, असं अर्धं अर्धं करत गेलो की १० लाख सातोशीच्या पेटीचा आकडा वीसेक प्रयत्नात नेमका हातात. आणि खर्च? शून्य, कारण फसलेल्या पेमेंटला फी नसते.

मग उपाय काय, फसलेल्या पेमेंटला पण थोडी फी लावा. लावली तर प्रामाणिक माणसाचं पेमेंट तीनदा फसून चौथ्यांदा गेलं तर त्याला पण भुर्दंड. बरं, कुठं अडलं ते सांगूच नका. मग पाठवणारा आंधळ्यासारखा चाचपडणार, परत जास्त फसणार. एक चादर आहे, डोकं झाकलं की पाय उघडे. याच फुकटेपणाचा फायदा घेऊन कोणी मुद्दाम अर्धवट पेमेंट टाकून पेट्या तुंबवून ठेवू शकतो, एका पेटीत एका बाजूनं जास्तीत जास्त ४८३ व्यवहार लटकत राहू शकतात, तेवढे भरले की पेटी बंद पडल्यासारखीच. त्यावर पण आधी थोडी फी घ्यायची का, का ओळखीच्यांना प्राधान्य द्यायचं, यावर अजून वाद चालूच आहेत.

## भिशी करून खर्च वाचवता येत नाही का?

येतो. दहा जणांनी मिळून एकच मोठी पेटी रजिस्ट्रीत नोंदवायची आणि आतल्या आत आपापसात छोट्या पेट्या करायच्या. फी दहा जणांत वाटली जाते. पण भिशी ज्यांनी चालवलीय त्यांना सांगायला नको, एक जण हप्त्याला आला नाही की नऊ जण चहा पीत बसतात. इथं पण तेच, आतली मांडणी बदलायची तर सगळ्यांच्या सह्या पाहिजेत, एकाचा फोन बंद तर सगळे अडकले, आणि भांडण झालं तर अख्खी पेटी फोडायची फी वेगळी.

त्यामुळं लोक काय करतात तर एका मोठ्या शेठकडं जातात. एकच पेटी, शेठच्या हजार जणांशी पेट्या, कुठंही पोचतं, फसत नाही. पण शेठला तुमचं प्रत्येक पेमेंट दिसतं, किती आणि कधी. आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे पेटीच नको, किल्ली पण शेठकडंच, तुमच्या फोनवर नुसता आकडा दिसणार. हे सगळ्यात स्वस्त आणि सोपं. पण याला आमच्याकडं एक नाव आहे, सोसायटीची ठेव. आमच्या वडिलांनी एका सोसायटीत ठेवलेली, पासबुकात आकडा शेवटपर्यंत झकास छापून येत होता, पैसे तेवढे आले नाहीत.

भाच्याला विचारलं, ॲप टाकताना तुला बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहून ठेवायला सांगितले का? किल्ली आपल्याकडं असली की सहसा ते शब्द देतात, फोन हरवला तर पैसे परत मिळवायला ते लागतात. "नाही ओ मामा, मोबाईल नंबर टाकला, ओटीपी आला, झालं." म्हणजे किल्ली शेठकडं, आणि शेठकडं तुझा मोबाईल नंबर. "कोणाला काही कळत नाही" मधला हा "कोणाला" कोण, ते बघ म्हटलं.

## एवढं करण्यापेक्षा युपीआय काय वाईट?

बेळगावात तरी काही वाईट नाही. मला आणि माझ्या भाजीवाल्याला तेच बरं. देशात त्यावर होणाऱ्या व्यवहारांची नुसती संख्याच महिन्याला हजार कोटींच्या वर आहे. पण तिथं बँकेला सगळं दिसतं, आणि बँक किंवा सरकार खातं गोठवू शकतं, ते आपण मान्य केलेलं असतं. लायटनिंगवाल्यांचं म्हणणं असं की मधे कोणी मालकच नको. ज्या देशात बँका बुडतात किंवा पैसे पाठवायला दलाल हात धुवून घेतात तिथं त्याला अर्थ आहे. एल साल्वाडोरनं सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलनच करून टाकलं, पण २०२५ च्या जानेवारीत कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढली.

## आणि टॅक्सवाल्यांना कळत नाही म्हणे?

हे डोक्यातून काढून टाका. भारतात बिटकॉइन बाळगणं गुन्हा नाही, रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये बँकांवर घातलेली बंदी सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये उठवली. पण ते कायदेशीर चलन पण नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के टॅक्स, तोटा दुसरीकडं वजा करता येत नाही, आणि त्याच जुलैपासून ठराविक रकमेच्या वर १ टक्का टीडीएस. बिटकॉइन देऊन चहा घेतलात तरी ते हस्तांतरच, म्हणजे त्या चहाचा नफा-तोटा पण लिहायचा. वही ठेवायला माणूस लागला तर मी आहे. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांना, मनी लाँडरिंगचा कायदा पण लागू आहे, त्यामुळं तुम्ही रुपये देऊन कॉइन घेतलात त्या क्षणाची नोंद पॅनसकट आहेच. पुढची साखळी कितीही पाकिटात घाला, पहिलं दार उजेडात आहे.

भाच्यानं एवढं ऐकून इरेला पडल्यासारखं शब्दवालं ॲप घेतलं, स्वतःची पेटी उघडली, पाच हजार घातले, आणि मला शंभर रुपयाचे सातोशी पाठवायला गेला. गेले नाहीत, कारण माझ्याकडं घ्यायला जागाच नव्हती. मग काल सकाळी पेटी बंद करायला गेला तर समोरचा कॉम्प्युटर बंद, म्हणून एकट्यानं फोडावी लागली, १४४ ब्लॉकची मुदत. फी गेली ती गेलीच. काल रात्री त्याचा फोन आला, अजून ६१ ब्लॉक राहिलेत. म्हटलं दहा तास धर, आणि फोन चार्जिंगला लाव.